शाळांची स्थळं पाहणारे मामा

सुरतेच्या उधन्यात आमच्या ओळखीच्या एकाही घराने मामांना विचारल्याशिवाय आपलं मूल निवासी शाळेत घातलेलं नाही, आणि ज्यांनी घातलंय त्यांनी ते आजतागायत मामांपासून लपवून ठेवलंय. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. मामी जाऊनही बरीच वर्षं झाली. उभं आयुष्य पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगमास्तर म्हणून गेलं. साडीचा रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे ते आतल्या दिव्याखाली कधीच सांगत नसत. तुकडा घेऊन सरळ बाहेर पडायचे, उन्हात धरायचे, मान तिरकी करून बघत राहायचे. इतका वेळ, की मालकाला वाटावं हे उभ्याउभ्या झोपले. मग आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणायचे, “दुकानमा एक रंग, उनमा दुसराच.” निवृत्त झाल्यावर उन्हात धरायला कापड उरलं नाही, म्हणून त्यांनी शाळा धरल्या.

लोक मुलीसाठी स्थळ पाहतात, तशा मामा शाळा पाहतात. शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं, तर ते त्याचा वास घेतात आणि परत करतात. जायचं ते रविवारी, आणि तेही न कळवता. कारण रविवारी कपडे वाळत असतात. “शाळा खोटं बोलेल, दोरी बोलणार नाही,” असं त्यांचं म्हणणं. दोरीवरच्या सदऱ्यांना बटणं आहेत का, आणि तुटलेलं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने का होईना कुणी लावलंय का, हे ते एकेका सदऱ्याजवळ थांबून पाहतात. तिथून स्वयंपाकघर. पोळ्या करणाऱ्या बाईला विचारायचं, “ताई, कारलं कोण कोण खात नाही?” बाईने तीन नावं पटकन सांगितली, तर शाळेचं नाव चांगलं. बाई म्हणाली, “सगळे सगळं खातात,” तर मामा तिला हात जोडतात आणि बाहेर पडतात. शाळेचं पुढे काय होणार, हे मात्र ते झाडांवरून ठरवतात. कुंड्यांमधली शोभेची झाडं म्हणजे पुढच्या समारंभापुरती शाळा. कुणी आंब्याची कोय लावली असेल, तर तो माणूस पंधरा वर्षं तरी हलणार नाही, असा त्यांचा हिशोब.

शेवटची परीक्षा खाटेची. मूल जिथं झोपणार, त्या खाटेवर मामा स्वतः आडवे होतात. झोपण्याआधी पोराला वर काय दिसतं, खिडकीतून तारा दिसतो की भिंत, हे पाहायला. एकदा शेजारच्या पाटलांच्या मुलासाठी असेच गेले आणि आडवे झाले ते झोपूनच गेले. मुलं खेळून परत आली तर खाटेवर पांढऱ्या मिशांचा, पायात मोजे असलेला म्हातारा मंद घोरतोय. एका मुलाने त्यांच्यावर चादर घातली. दुसऱ्याने मुख्याध्यापकांना बोलावलं. मुख्याध्यापकांनी हलकेच हलवून विचारलं, “आप कौन?” मामांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “शाळा पसंत शे.” चादर घालणाऱ्या त्या मुलावरच त्यांनी शाळा पास केली होती. पाटलांचा मुलगा तिथेच शिकला.

आमच्यावर शाळा शोधायची वेळ आली ती आमची मुलगी तन्वी सहावीत जाताना. हे हजीऱ्याला कारखान्यात पाळीवर, मी दवाखान्यात पाळीवर. सासूबाई गेल्यापासून पोर दुपारभर घरात एकटी असायची. शेजारच्या काकू सांगायच्या, ती आतून कडी लावून भिंतीशी बोलत बसते. हे ऐकल्यावर मला इंजेक्शन देताना सुद्धा तेच दिसायचं. मुलीला दूर ठेवायचं असं रात्री ठरवायचे आणि सकाळी मोडायचे. शेवटी मामांना बोलावलं.

पहिली शाळा सगळ्या सुरतेने वाखाणलेली. काचेची इमारत, दारात कारंजं. यांना तर ती फाटकातूनच आवडली. व्यवस्थापक साहेबांनी आम्हाला गार खोलीत बसवलं आणि शाळेची कीर्ती सांगायला घेतली. मामा अर्धे डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “साहेब, आपके यहाँ बच्चे रोने कहाँ जाते हैं?”

साहेब गोंधळले. मग हसून म्हणाले, “हमारे यहाँ बच्चे रोते ही नहीं।”

मामा उठले आणि चपला शोधू लागले. गाडीत हे माझ्यावर चिडले, कारण मामांवर चिडायची त्यांची टाप नव्हती.

दुसरी शाळा वांसद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. कौलारू, साधी, तिचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. तिथल्या वसतिगृहाच्या बाई गहू निवडत बसल्या होत्या. मामांनी तोच प्रश्न विचारला. बाईंनी गव्हातून मानही वर केली नाही. “कूवा के पीछे, इमली के नीचे,” त्या म्हणाल्या. “थोडी देर रोने देती हूँ. फिर जाकर बगल में बैठ जाती हूँ. कुछ पूछती नहीं।” मी पदर डोळ्यांना लावला. मागच्या बाजूला संस्थेचे म्हातारे चालक स्वतः खड्डे खणून आंब्याची रोपं लावत होते. मामांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली.

तन्वी पंधरा दिवस रडली. मग पत्रातून रडणं कमी झालं, मग पत्रंच कमी झाली आणि मला कळलं की पोर रमली. सुट्टीत यायची तर अंगाला रानाचा वास, तोंडात डांगी गाणी, आणि घरात कडी लावायची सवय पार गेलेली. चार वर्षं अशी गेली. मामा दर रविवारी विचारायचे, “पोर कशी शे?” आणि उत्तर ऐकताना त्यांचा चेहरा उन्हात कापड धरल्यासारखा व्हायचा.

मग ते म्हातारे संस्थाचालक वारले. त्यांच्या माघारी कुणाला शाळेत रस नव्हता. वर्ष संपलं तशी मुलांची नावं काढून दिली आणि शाळा बंद झाली. तन्वी ट्रंक घेऊन घरी आली. दहावीला इथल्याच शाळेत नाव घातलं.

मामा महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. फोन केला तर “बरं नाही” म्हणायचे. एका दुपारी आले, दारातच उभे राहिले. तन्वी नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होती. “मन्हं चुकनं, बेटा,” ते म्हणाले. “आंबा लावतोय तेवढं पाहिलं. लावणाऱ्याचं वय पाहिलं नाही.”

“काय चुकलं, मामाआजोबा?” तन्वी म्हणाली. “चार वर्षं मिळाली ना मला.”

मामा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “माले दोनच मिळाली.” आणि यांनीही कधी ऐकलं नव्हतं, ते त्या दुपारी सांगू लागले. धुळ्याकडे एक छात्रालय होतं. दहाव्या वर्षी वडिलांनी त्यांना तिथं ठेवलं. मामांना तिथलं सगळं आवडायचं, पहाटेची घंटासुद्धा. दोन वर्षांनी वडील गेले आणि काका घ्यायला आले, सुरतेला मिलमध्ये लावायला. “भूगोलचा तास चालू होता. गुरुजी नद्या शिकवत होते. तापी झाली. काका दारात उभे. गुरुजी म्हणाले, जा बाळ. नर्मदा राहिली ती राहिलीच.”

चहा घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. तन्वीने अर्धवट कव्हर घातलेलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि खुर्ची त्यांच्या समोर ओढली.

“नर्मदा,” ती म्हणाली, “अमरकंटकला उगम पावते.”

मामांनी पाय जुळवले, पाठ ताठ केली आणि दोन्ही हातांची घडी घातली.