बाळंतिणीच्या भिंतीवरचा कागद

गोंदियाला मोठी गाडी सोडली आणि छोट्या रुळांच्या गाडीत बसले. पुण्याहून निघताना पिशवीत दोन गोष्टी जपून घेतल्या होत्या. मलिद्यासाठी (प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने करायचा गोड पोह्यांचा नैवेद्य) नारळ, आणि आमच्या मशिदीतल्या (आम्ही बेने इस्राएली यहुदी प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतो) प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या हजानांनी लिहून दिलेला कागद. माझी धाकटी बहीण रिबका भरवेलीला राहत होती. तिचा नवरा शालोम तिथल्या मँगनीजच्या खाणीत फिटर. आधीची दोन्ही मुलं जन्मताच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते.

वैनगंगेचं पात्र उन्हाने पांढरं पडलं होतं. बालाघाटला शालोम घ्यायला आला. भरवेलीच्या रस्त्यावर ट्रकांमागून काळी धूळ उठते आणि मोहाच्या फुलांच्या वासासकट नाकात जाते. घरी पोचून नारळ फोडला, तो कुजका निघाला. बाजारात दुसरा मिळेना.

"राहू दे ताई," रिबका म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला.

कागद मात्र तिने स्वतः जागा दाखवून खाटेसमोर लावून घेतला. त्यावर हिब्रू अक्षरं, तीन देवदूतांची नावं, आणि बाळ-बाळंतिणीच्या जिवावर उठणाऱ्या लिलिथला दाराबाहेरच थांबायची ताकीद. वस्तीतली बाळंतपणं करणाऱ्या शेजारच्या गिरजाबाई तो निरखत राहिल्या.

"काय लिवलं हाय ह्याच्यात?"

मी सांगितलं.

"हौ, आमच्यात सटवी म्हणत. आता आमी बौद्ध झालो, हे काही मानत नाही." असं म्हणत त्यांनी विळा आणला आणि उशीखाली सारला. "पण लोखंड असू द्या, बाई. पोरीले धीर येते."

सकाळच्या उजेडात मुलगा झाला. लहानसा, पण रडला. गिरजाबाईंनी चिन्नोरची (इथला सुवासिक तांदूळ) पेज आणली. घरात आम्ही दबक्या आवाजात हसू लागलो होतो, तोच त्याने दूध ओढणं सोडलं. अंग तापलं. जीप मिळाली. बालाघाटच्या डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. रिबकाच्या मांडीवरच तो गार झाला.

जवळपास आमची दफनभूमी नव्हती. प्रार्थनेला लागणारे दहा यहुदी पुरुषही नव्हते. गिरजाबाईंचे यजमान आम्हाला त्यांच्या लोकांच्या जागेत घेऊन गेले. "इथं ठेवा, साहेब. आमचीही लेकरं हायेत इथं." शालोमने आठवेल तेवढी प्रार्थना म्हटली आणि मधेच अडकला, तो पुढे गेलाच नाही. खाणीतली माणसं डोक्यावर रुमाल टाकून उभी होती.

घरी रिबका भिंतीकडे बघत बसली होती.

"ताई, मी खिडकी उघडी ठेवली होती. त्यामुळे ना?"

"नाही गं."

"मग कशामुळे?"

मी उठले. कागद काढायला हात वर केला, तर ती किंचाळली. पुण्याला चल म्हटलं, तर म्हणाली, "त्याला इथे एकट्याला टाकून?" मी एकटीचीच पिशवी भरली.

परतीच्या गाडीत समोर किरनापूरची एक बाई बसली होती.

"कोणाकडे गेलत्या, बाई?"

"बहिणीकडे. बाळंतपणाला."

"काय झालं?"

"मुलगा."

तिचा चेहरा फुलला. तिने फुटाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली. "नाव काय ठेवलं?"

"आमच्यात आठव्या दिवशी ठेवतात. सुंतेच्या वेळी."

"मंग ठेवसान. घाई कायची हाय?"

आठवा दिवस आदल्याच दिवशी उलटून गेला होता. मी फुटाणे घेतले. तिला खरं सांगितलं नाही. आम्ही कोणीच त्याला राखू शकलो नव्हतो. एका अनोळखी बाईच्या मनात तो जगत होता, तेवढा तरी जगू दे, असं वाटलं. ती मध्येमध्ये त्याच्याविषयी विचारत राहिली, गोरा आहे का, कोणावर गेलाय. मी उत्तरं देत राहिले.

मग गोंदिया आलं, आणि ती माझ्या आधी उतरून गर्दीत गेली.