पोळ्याआधीचं सारवण

किरनापूरच्या आसपासच्या वीस गावांत टिकारामला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. मलेरिया खात्याचा फवारणीवाला. खांद्यावर पंप, कपड्यांना डीडीटीचा वास, आणि बोलणं असं की सिव्हिल सर्जननं खाली बसून ऐकावं.

कुणी म्हणालं, "दवाई मारली तरी मच्छर चावूनच राह्यला," की गडी खूश व्हायचा.

"चावू दे ना! तापवाल्याचं रक्त पेला म्हणून मच्छर लगेच ताप देत नाही. बिमारी त्याच्या पोटात दहा-बारा दिवस पिकते. तेवढं जगला तरच दुसऱ्याले देते. रक्त पिऊन तो जड होते, भितीवर बसते, अन् भितीवर माही दवाई हाये. पऱ्हे तयार व्हायच्या आधीच मेले, त रोवणी कायची करशीन?"

धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावणाऱ्या माणसांना हे एका झटक्यात कळायचं.

पण बासष्ट सालच्या भादव्यात ताप टिकारामच्याच घरात शिरला. बायको साधना पाच महिन्यांची पोटुशी होती. थंडी वाजून ती अशी थरथरायची की खाट हलायची. ती वाचली, पोटातलं बाळ गेलं. गावाला तर आयतंच सापडलं. "दुनियेले दवाई, अन् घरात मलेरिया!" टिकाराम खाली मान घालून कामावर जाऊ लागला. लोक हसतात याचं त्याला एवढं वाटत नव्हतं. आपण वीस गावांत जे सांगत फिरलो तेच खोटं निघालं की काय, या विचारानं तो पोखरून निघाला होता.

एके दिवशी खाटेवर बसल्या बसल्या त्यानं भिंतीला नख लावलं. शेणाचा पोपडा निघाला. खाली पांढरी भुकटी जशीच्या तशी होती.

"माय, ही भित कवा सारवली?"

"पोळ्याच्या आधी," शेवंताबाई म्हणाली. "सारे पांढरे ओघळ! सुनेच्या माहेरचे येनार होते. तसंच घर दाखवू काय त्यायले?"

फवारणीनंतर आठ दिवसांत तिनं दवाई शेणामातीखाली गाडली होती. टिकारामचा संताप मस्तकात गेला, आणि लगेच उतरलाही. सणाला भिंती सारवल्या नाहीत तर बाईची लाज जाते, हे त्याला काय नवीन होतं? मच्छराचं अख्खं आयुष्य त्यानं गावोगाव सांगितलं, पण सारवू नका, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"चूक माही हाये, माय," तो म्हणाला, आणि पोरासारखा रडला.

पुढच्या साली त्या वाक्यानंच तो सुरुवात करू लागला. "जमीन सारवा, ओसरी सारवा. आतल्या भितीले थंडी पडेपर्यंत हात नाही लावाचा." बाया पदराआड हसायच्या. "तुह्या मायनं सोडली काय रे तिची भित?" यावर हा बोलका माणूस पंप उचलून पुढच्या घराकडे वळायचा. साधनाला पुन्हा दिवस गेले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा शेवंताबाई शेणाची बादली घेऊन बसली होती. ओसरी चकचकीत झाली होती. उंबरा झाला, जमीन झाली. मग ती खाटेजवळच्या भिंतीपाशी गेली आणि ओला हात तसाच धरून उभी राहिली. टिकाराम पंप उतरवून दारातच थांबला. सारं सांगून झालं होतं, आणि भिंत तिची होती. म्हातारीनं ओघळांकडे बघितलं, सुनेच्या पोटाकडे बघितलं, आणि हात धुवायला बाहेर गेली.

आश्विनात मुलगा झाला. साधनाचं अंग एक दिवसही गरम झालं नाही. बाराव्या दिवशी बारसं. गावच्या बाया जमल्या, आणि शेजारच्या मैनाबाईला राहवेना.

"अवो शेवंताबाई, बारशालेबी भिती तशाच? लोक काय म्हणतीन?"

तिनं डागावर बोट ठेवायला हात पुढे केला, तशी शेवंताबाई पाळणा सोडून उठली.

"हात नको लावू! त्या भितीवर मच्छर म्हातारा होत नाही. आमच्या घरात म्हातारं व्हाचं ते माह्या नातवानं."