बाबा माझ्याशिवाय व्हर्साय पाहून आले

बाबांना पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याची कारंजी मीच दाखवणार होते. ते नागपूरला पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत पाण्याच्या टाक्या बघत फिरले, आणि त्याच नादातून आज आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात पंप सांभाळते. धाकट्या भावाला यात कधीच रस नव्हता. तो इथेच लिमरिकला सॉफ्टवेअरमध्ये आहे.

बाबा आयर्लंडला आले आणि नेमकं आमच्या कारखान्याचं दुरुस्तीसाठीचं शटडाउन पुढे सरकून माझ्या रजेच्या दिवसांवर आलं.

"ताई, तू राहू दे, मी नेतो त्यांना," भाऊ म्हणाला.

मी हो म्हटलं. ते दोघं व्हर्सायला होते त्या शनिवारी पंपाचं सील बदलून घेताना फोनवर त्याचे फोटो येत राहिले. प्रत्येक फोटोत त्याचा हात बाबांच्या खांद्यावर. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

परतल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. चहा घेताना सांगू लागले, "अगं, त्या काळी मोटर कुठली? वरच्या तळ्यातून नुसतं उताराने पाणी यायचं. राजा फिरायला निघाला की माणसं शिट्टी वाजवून पुढच्याला कळवायची, तुझं कारंजं सोड म्हणून. राजा गेला की बंद. सगळी एकदम चालवायला पाणीच पुरायचं नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मीच सांगितलं होतं तुम्हाला."

बाबा कप घेऊन बेसिनकडे गेले. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला.

"तुझंच कौतुक चाललंय इथे," मी म्हणाले.

"माझं? तिथे दिवसभर बाबांचं एकच, ताई असती तर तिला हे विचारलं असतं, ताईला ते दाखवायला हवं होतं. मी शेजारी उभा होतो, ताई. लहानपणापासून हेच चाललंय."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

मी बाबांजवळ जाऊन बसले. "काल मी उगाच तोडून बोलले. काय विचारायचं होतं तुम्हाला?"

त्यांनी लगेच एका पाकिटाच्या पाठीवर तळं काढलं, उतार काढला. "एवढ्या उंचीवरून आलं तर किती उडेल, सांग." आम्ही तासभर आकडेमोड करत बसलो.

मधेच ते थांबले. "पोरगा फार चालला गं माझ्याबरोबर. बूट चावत होते त्याला, पण बोलला नाही."

"हो का," मी म्हणाले, आणि पेन्सिल जरा जोरातच कागदावर टेकवली.