आडवं न आलेलं कुत्रं

नांदेड-लातूर रस्त्यावर माझ्या गाडीला मागून धडक बसली, ती माझ्याच चुकीने. हे वाक्य मी विमा कंपनीच्या फॉर्मवर लिहिलं नाही, पोलिसांच्या जबाबात लिहिलं नाही, आणि घरात तर त्याचा उच्चारही केला नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला एवढी सूट असावी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

साडूच्या वास्तुशांतीला आम्ही दोघं लातूरला निघालो होतो. लोहा गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेली एक बाई दिसली. बायको एवढंच म्हणाली, "अहो, सीताफळं." मी भर रस्त्यात ब्रेक मारला. आरशात पाहिलं नाही, दिवा दाखवला नाही, गाडी बाजूला घेणं तर दूरच. मागून केळीचा पिकअप येत होता. त्याने बिचाऱ्याने जमेल तेवढं दाबलं, तरी माझी डिकी आत गेली आणि बंपर एका बाजूने लोंबायला लागला.

चूक आपली असली की आवाज आपोआप चढतो. मी दार उघडायच्या आधीच ओरडायला सुरुवात केली होती. "डोळे कुठं ठेवून गाडी चालवतोस रे?"

पिकअपमधून पन्नाशीचा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला माणूस हात जोडत उतरला. "चुकलं गुरुजी," म्हणाला. मी गुरुजी आहे हे त्याला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाला, "तुमी वरडलात की तवाच कळलं."

आमच्याकडे अपघातात रक्त निघालं नसेल तर दुसरा प्रश्न गावाचा असतो. तो अर्धापूरचा निघाला, पण त्याची सासुरवाडी देगलूरकडची, आणि तीही नेमकी माझ्या बायकोच्या मावशीच्या गावची. "म्हणजे तुम्ही तर आमचे पाहुणेच," असं बायकोने जाहीर केलं आणि माझा 'अरे-तुरे' घशातच राहिला. पाहुण्याने केळीचा एक घड काढून माझ्या हातात दिला. बायकोने माझ्या मोबाइलवर आमचा फोटो काढला. एकदा नातं निघालं की फोटो काढायचाच असतो, मग मागे डिकी का चेपलेली असेना.

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "गुरुजी, येवढंच करा. पोलिसात माजं नाव जाऊ देऊ नका. गाडी मालकाची हाय. कागदात नाव आलं की तो गाडी काढून घेतो. दुसरं काई येत न्हाई मला."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला. शब्द देताना मी फार मोठ्या मनाचा माणूस दिसतो. मग आम्ही घासाघीस करून सीताफळं घेतली आणि वास्तुशांतीचं जेवण गाठलं.

विम्याचा एजंट माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, कुत्रं आडवं आलं असं लिहा. सगळे तेच लिहितात." सगळे लिहितात तसं लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. मी दीड पान लिहिलं. कुत्रं काळं होतं, मागच्या पायाने लंगडत होतं, उतरत्या उन्हात डोळे दिपल्यासारखं रस्त्यात थबकलं होतं. शाळेत असतो तर स्वतःलाच दहापैकी नऊ दिले असते. एजंटने तो निबंध आणि माझ्या मोबाइलमधले त्या दिवसाचे सगळे फोटो कंपनीला पाठवून दिले.

कंपनीचा सर्वेअर नुकसान तपासायला गॅरेजात आला. हातात माझा निबंध. गाडीच्या पुढे गेला, वाकून पाहिलं, ओरखडासुद्धा नव्हता. मग मागे गेला आणि बराच वेळ डिकीकडे पाहत राहिला. "सर," तो अदबीने म्हणाला, "कुत्रं मागून आलं होतं का?"

मी सगळं कसब कुत्र्यावर खर्च केलं होतं. गाडी कुठे चेपली आहे, हे लिहायचं राहूनच गेलं होतं. एजंटने घाईघाईने सावरलं: कुत्रं पुढून आलं, सरांनी ब्रेक मारला, मागून एक अज्ञात वाहन धडकलं आणि पळून गेलं.

सर्वेअरने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत मी केळीचा घड घेऊन हसत होतो, शेजारी पाहुणा, आणि आमच्या मधोमध पिकअपचा नंबर, नीट वाचता येईल असा. "हेच का ते अज्ञात वाहन? पोलिसांचा कागद लागेल सर."

तिथेच दावा सोडून देता आला असता. खरंही सांगता आलं असतं. पण साडूने वर्षभरापूर्वी विम्यातून गाडीचा अख्खा पुढचा भाग नवा करून घेतला होता, आणि ते तो प्रत्येक जेवणात सांगत होता. मी पोलीस ठाण्यात गेलो आणि कुत्र्यासकट तोच निबंध जबाबात उतरवला. हवालदाराने पिकअपवाल्याचं नाव विचारलं तर मी सांगितलं नाही. मी फक्त नंबर सांगितला. आपण शब्द पाळला, असं मी परत येताना स्वतःला दोन वेळा बजावलं.

हवालदाराने नंबरावरून मालकाला फोन लावला आणि तीन दिवसांनी आम्हा दोघांना बोलावलं. पाहुणा एसटीने आला होता. हवालदाराने माझा जबाब मोठ्याने वाचला. काळं कुत्रं, लंगडा पाय, उतरतं ऊन, सगळं. मग त्याला विचारलं, "खरंच कुत्रं होतं का?"

त्याने एक शब्द खरा बोलायचा अवकाश, माझं सगळं पितळ तिथेच उघडं पडलं असतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "होतं की साहेब. गुरुजीनं ब्रेक मारला म्हणून वाचलं. मीच लई जवळून चालवून राहिलो होतो." आणि जिथे दाखवलं तिथे सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "गाडी नाही आणली?"

"मालकानं काढून घेतली. पोलिसाचा फोन आला त्याच दिशी." हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही.

मी काहीतरी बोलायला लागलो. मालकाला भेटतो, समजावतो, असलं काहीतरी. त्याने हात हलवला. "जाऊ द्या गुरुजी. पाहुणे हाव आपण."

बस स्टँडकडे जाणारी रिक्षा आली. चढता चढता तो वळला आणि विचारलं, "ती सीताफळं गोड निघाली का?"

त्या आवाजात मी टोमणा शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं. ज्याच्यापुढे चोरासारखं उभं राहावं अशा माणसाने माझी विचारपूस केली, आणि मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"लई गोड," मी म्हणालो.