पानमळ्यातले बूट

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली एम.एस्सी. केलं त्या सरांना तर नाहीच. सांगायची वेळ आली नाही असं म्हणता येणार नाही. आली — अगदी समोर येऊन उभी राहिली, आणि मी बाजूला सरकले. आज लिहिते आहे ते धीर आला म्हणून नव्हे. जिच्याबद्दल लिहायचं आहे ती आता हे वाचणार नाही, म्हणून लिहिता येतंय. हेही आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी रोहिणीवहिनी गेली. मामाची सून. चाळिशीही गाठली नव्हती. काविळीचं निमित्त झालं.

मी साताऱ्यात एका कृषी महाविद्यालयात शिकवते. विषय वनस्पतींचे रोग. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या काही तासांत सांगावं लागतं की रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात कसा जातो. वाऱ्याने, पाण्याने, बेण्यातून, अवजारांना चिकटून, आणि माणसाच्या पायांनी. शेवटच्या शब्दापाशी आले की मी फळ्याकडे वळते. मुलांना वाटत असेल, बाईंना लिहायची घाई आहे.

पण मी पुन्हा लांबून चालले आहे. मळ्याकडे यायला हवं.

माझं माहेर कोरेगाव. मामाचं गाव मिरजेच्या पूर्वेला, जिथे खाण्याच्या पानांचे मळे आहेत. ज्यांनी पानमळा पाहिलेला नाही त्यांना कसं सांगू? बाहेर ऊन रणरणत असतं, आणि कुडाचं कवाड ढकलून आत पाऊल टाकलं की एकदम गार. शेवरीच्या उंच, बारीक झाडांवर वेली चढलेल्या, उजेडसुद्धा हिरवा होऊन खाली येणारा. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. आणि मळ्याचे नियम असतात. पायातलं कवाडाबाहेर काढायचं. बाईने ‘त्या’ दिवसांत आत जायचं नाही. वेल नाजूक आहे, तिला विटाळ सोसत नाही, असं मामी सांगायच्या. मी लहानपणी हे मुकाट पाळलं. एम.एस्सी.ला गेल्यावर मात्र मला त्याचं हसू यायला लागलं होतं.

माझ्या प्रबंधाचा विषय ठरला पानवेलीची मर. वेल वरून हिरवीगार दिसते, मग एक दिवस मान टाकते. बुंध्याशी बघावं तर काळं, मऊ पडलेलं, वास मारणारं. मातीत राहणारी एक बुरशी हे करते. विषय निघाला तेव्हा मामाला कोण आनंद झाला होता! भाची आपल्या पिकावर शिकणार म्हणून त्याने गावभर सांगितलं. मी सुट्टी मिळेल तशी त्याच्याकडे जाऊन राहायची.

तेव्हा वहिनीचं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. दादा, म्हणजे मामाचा मुलगा, सैन्यात. त्याचा फोन यायचा तो दुपारी. घरात सासू, सासरा, येणारे-जाणारे. नव्या सुनेने फोनवर बोलायचं तरी काय आणि कसं? मग वहिनी फोन घेऊन मळ्यात जायची. पार आत, विहिरीकडच्या कोपऱ्यात. मी एकदा नमुने गोळा करताना तिला तिथे पाहिलं होतं. शेवरीला पाठ टेकून बसली होती आणि मोठ्याने हसत होती. घरात मी तिला असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

माझी थट्टा करायला मात्र ती कुठेही भीत नसे. “आली बघा आमची पानांची डाक्टरीण,” म्हणायची. “ताई, एवढी पानं तपासताय, पर एक तरी बरं केलं का अजून?” माझ्या भिंगातून बघायला तिला फार आवडे. पानाच्या शिरा बघून म्हणाली होती, “हे तर आमच्या गावच्या नकाशावानी दिसतंय, समद्या वाटा हैत.”

सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. आधी निरोगी शेत बघायचं, मग रोगट. उलट कधीही करायचं नाही. आणि करावंच लागलं तर पाय, बूट, कात्री सगळं धुऊन मगच पुढे जायचं. एवढा साधा नियम, शाळेतल्या पोरालाही कळावा असा.

त्या दिवशी मी उलट केलं.

पलीकडच्या गावातला एक मळा मरीने बसला होता. सकाळी तिथे गेले. नुकतं पाणी दिलेलं. काळ्या चिखलात घोट्यापर्यंत पाय जात होते. नमुने घेतले, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि तिथून मामाकडे आले. तुलनेसाठी निरोगी मळ्यातली मुळं आणि माती हवी होती. परतीची गाडी चुकली असती तर नमुने खराब झाले असते. पायात खोल नक्षीच्या तळाचे बूट, लेस चिखलाने घट्ट बसलेल्या. सोडायला लागले तर सुटेनात. पण हे सगळं पूर्ण खरं नाही. बूट काढायला दोन मिनिटं लागली असती. खरं असं की कवाडापाशी वाकून बूट काढणं म्हणजे मामींचं विटाळाचं शास्त्र मानणं, असं मला त्या क्षणी वाटलं. आणि माझं स्वतःचं शास्त्र? ते मला त्या क्षणी आठवलंच नाही. असं होऊ शकतं का? मी स्वतःला हे कितीदा विचारलं आहे.

वहिनी आतून येत होती, हातात फोन. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

“अगं बाई, बूट!” म्हणाली. मग इकडेतिकडे बघून हसली. “जावा पटदिशी, आत्याबाई न्हाईत हितं. म्या कुनाला सांगनार न्हाई.”

सासूला ती आत्याबाई म्हणायची. आणि तिने खरंच कुणाला सांगितलं नाही.

पुढे पावसाळ्यात मामाचा फोन आला. कवाडाजवळच्या वेली माना टाकायला लागल्या होत्या. मी गेले, बुंधे पाहिले. बघताक्षणी कळलं. नमुने घेऊन वसतिगृहात परतले.

मातीत ही बुरशी आहे का ते ओळखायची एक सोपी रीत आहे. माती पाण्यात कालवायची, वर ताज्या पानाचे तुकडे तरंगत ठेवायचे. बुरशी असली तर ती पानाकडे धाव घेते, तुकड्यांच्या कडा काळ्या पडतात. मामाच्या मळ्यातली माती लावली. मग — का कोण जाणे, नाही, मला ठाऊक होतं का — खाटेखालचे ते बूट काढले. धुतले नव्हते. तळाच्या खाचांत माती वाळून बसली होती. वरचा थर तांबूस, मामाच्या मळ्यातला. आतला काळा, पलीकडच्या गावातला. तो काळा सुईने उकरून वेगळ्या बशीत लावला. कडा काळ्या पडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर लिंबाच्या आकाराच्या त्या बारीक पिशव्या, पुस्तकात असतात तशा. मी बराच वेळ बघत बसले. मग बशी उकळत्या पाण्यातून काढली, धुतली, पालथी घातली. बूट टाकून दिले. ही बशी प्रबंधात कुठेही नाही.

परीक्षेत कुणी विचारलं असतं, की यावरून नक्की सिद्ध होतं का? तर नाही. पाटाच्या पाण्यातून आलेली असू शकते. नव्या बेण्यातून असू शकते. या ‘असू शकते’च्या आडोशाला मी पुष्कळ दिवस काढले. पण रोग कवाडापासून सुरू झाला होता, आणि त्या दिवशी नमुने घ्यायला मी जिथे जिथे वाकले होते त्या ओळीने आत गेला होता. मला नक्की माहीत होतं.

आता ती दुपार.

पडवीत मामा, मामी, वहिनी आणि मी. मी निकाल सांगितला — बुरशी आहे, मातीत राहते, अमुक औषध ओता, मेलेल्या वेली उपटून जाळा. मामाने ऐकून घेतलं. मग सरळ विचारलं, “व्हय, पर ही आली कुठनं? तू त्यातलंच शिकतीस. तूच सांग.”

किती सोपा प्रश्न होता. रागाचा नव्हता, संशयाचा नव्हता. मामा मला ओरडलाही नसता. भाची होते मी, लाडकी. फार तर गप्प झाला असता. मी कशाला भ्याले? सरांच्या कानावर जाईल याला? की गावभर कौतुक झालेली भाचीच रोग घेऊन आली, या हसण्याला? आज तोलून बघते तर यातलं काहीच जड वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. मी म्हणाले, “सांगता येत नाही मामा. अनेक कारणं असतात.”

“कारन एकच,” मामी म्हणाल्या. “बुरशी आली आसंल, पर तिला बलवायला कुनीतरी लागतंच की. रोज दुपारचं कोन जातंय मळ्यात फोन घिऊन? का गं, त्या दिसांतबी गेलतीस न्हवं?”

“न्हाई, आत्याबाई. कवाच न्हाई.”

एवढं म्हणून वहिनीने माझ्याकडे पाहिलं. बूट तिने पाहिले होते. त्या घरात बूट घालून आत जाणंसुद्धा विटाळच. तिने नुसतं बुटांचं नाव घेतलं असतं तरी पारडं फिरलं असतं. तिने घेतलं नाही. तिने मला शब्द दिला होता ना — कुणाला सांगणार नाही म्हणून. ती फक्त बघत राहिली, मी स्वतः बोलेन या भरवशाने. मी हातातल्या पिशवीची दोरी बांधायला लागले. आधीच बांधलेली होती ती.

“विटाळाने बुरशी येत नाही, मामी,” एवढं तरी मी म्हणू शकत होते. माझं नाव न घेता. माझं काही न जाता. तेही म्हटलं नाही. एकदा तोंड उघडलं तर पुढचंही बाहेर पडेल असं वाटलं असावं.

मामीही दुष्ट नव्हत्या. त्यांनी हात उगारला नाही, शिव्या दिल्या नाहीत. वहिनीला मळ्यात जायचं बंद केलं, एवढंच. वेली हळूहळू सगळ्या गेल्या, मामाने तिथे ऊस लावला. घराचं काही अडलं नाही. पण गावात बोलणं राहिलं. शेजारचे लोक आपल्या मळ्याच्या कवाडाशी वहिनी दिसली की पुढे होऊन तिथेच बोलायला उभे राहत, आत ये म्हणत नसत. दादाचा फोन ती स्वयंपाकघरात घ्यायला लागली. मी एकदा ऐकलं — “व्हय. बरं. जेवला का? ठेवते.” एवढंच. संसाराची सुरुवातीची वर्षं त्या दोघांनी अशी घालवली, चार माणसांच्या देखत.

आणि मी? मी पहिल्या वर्गात पास झाले. मामाचा मळा माझ्या प्रबंधात ‘दुसरे ठिकाण’ म्हणून आला. दोन ठिकाणची निरीक्षणं असल्याने काम भक्कम झालं, असं परीक्षक म्हणाले.

वहिनी माझ्याशी पहिल्यासारखीच वागत राहिली असं लिहिलं तर मला बरं वाटेल, पण ते खोटं. ती चांगली वागली. माझ्या बाळंतपणात येऊन राहिली, मुलाला न्हाऊमाखू घातलं. पण पुन्हा कधी डाक्टरीण म्हणाली नाही. भिंग मागितलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा दहावा झाला. मिरजेला, कृष्णेच्या घाटावर. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. कावळे होते, झाडावर बसून बघत होते, पण खाली एकही उतरेना. अशा वेळी जाणाऱ्याचं काय राहिलं असेल ते बोलून दाखवायची रीत आहे. दादा पुढे झाला, लेकीला हवं तेवढं शिकवीन म्हणाला. वहिनीचा भाऊ काही बोलला. मामी, आता वाकलेल्या, हात जोडून म्हणाल्या, “रोहिणे, मळ्याचं माझ्या मनात काय न्हाई गं. झालं गेलं, म्या कवाच सोडून दिलं. जा आता सुखानं.”

म्हणजे इतक्या वर्षांनी त्यांनी तिला माफ केलं. तिने न केलेल्या गोष्टीसाठी, सगळ्यांसमोर.

मी चार पावलांवर उभी होते. माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण कावळा आला काय, न आला काय — तिथे दादा होता, मामा होता, तिची लेक होती, सगळं गाव होतं. पुढे होऊन एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडात ते पूर्ण तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद. मी पदर नीट केला आणि उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि माणसं पायऱ्या चढायला लागली.

मामींना चढवेना. मी त्यांचा हात धरला. अर्ध्या वाटेत त्या टेकल्या, मलाही शेजारी बसवलं. नदीकडे बघत म्हणाल्या, “तुझ्यावर लय जीव हुता बाई तिचा.”

मी म्हणाले, “हो.”