माझं नाव खोडा

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही बेकार पोरं दर महिन्याला शाहूपुरीतल्या रोजगार कचेरीत बेकारभत्त्याच्या रांगेत उभी राहायचो. माझ्यापुढं मलकापूरचा एक वेल्डर असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला आणि खिडकीत कार्ड ठेवून म्हणाला, "माझं नाव खोडा सायेब. कामाला दुबईला चाललोय."

मी मागून कुजबुजलो, "अवं पावणं, नाव राहू द्या, सहीला भावाला पाठवा की. कुणाला कळतंय?"

"न्हाय!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला, की अख्खी रांग वळली. "भत्ता बेकाराला असतोय. मी आता बेकार न्हाय!"

कारकुनानं नावावर रेघ मारली. वेल्डरनं वाकून ती नीट बघितली आणि कॉलर ताठ केली. रांगेनं टाळ्या वाजवल्या. माझा नंबर आला, तरी मी टाळ्याच वाजवत होतो.