म्हणे सरबत!

बाई झाकण उचलायच्या, पदर कमरेला खोचून पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाय मुरलं." चमचा कधी जिभेला लावला नाही. सगळं नुसत्या वासावर. सोसायटीतल्या बायकांना याचं लई कौतुक. पण बाई चाखून का बघत नाहीत, हे एकीनंही कधी विचारलं नाही. आयतं मिळत असलं की कोण विचारतंय?

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते.

बाईंची सगळी नोकरी एका मोठ्या हॉटेलात झाली. लेणी बघायला येणारे परदेशी पाहुणे तिथं उतरायचे, त्यांच्या पार्ट्यांची पेयं बाई सांभाळायच्या. सांग्रिया तिथंच शिकल्या. लाल वाइनमध्ये फळं मुरत घालायची, गोष्ट खरं तर एवढीच. पण बाईंनी ती आपल्या दसऱ्याच्या दिवसांत बसवली होती. मोसंबीची पांढरी साल जरासुद्धा राहू द्यायची नाही, कडवट होतं. दौलताबादकडचे पेरू, तेही कडकच. डाळिंबाचे दाणे, सफरचंदाच्या फोडी, गुलमंडीच्या बाजारातून निवडून आणलेली दालचिनी. मी एकदा हौसेनं दालचिनीची पूड नेऊन दिली, तर डबी तशीच माझ्या हातात परत. "पूड नको ताई, गढूळ होतंय." सोडा मात्र पाहुणे बसल्यावरच.

आता तुम्हाला वाटेल, बाई रंगेल असतील. अहो, बाई पंचशील पाळणाऱ्या. दर पौर्णिमेला विहारात जाणार, दसऱ्याला पांढरी साडी नेसून लेण्यांकडं जाणार. मद्याचा थेंब कधी ओठाला लागला नाही. मग हे कसं काय, असं मी एकदा सरळ विचारलं. त्या फळं चिरता चिरता म्हणाल्या, "पगार त्याच्यावर झाला ताई, लेक त्याच्यावर शिकली. शील माझं हाय. ते दुसऱ्याच्या ग्लासात कशाला घालू?" मला हे उत्तर फार आवडलं होतं. अजून आवडतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या गच्चीवर स्नेहमिलन असतं. बाई राहायला आल्या त्या पहिल्या वर्षी त्यांनी डाळिंबाच्या रसात फळं घालून साधंच केलं. आमचे सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे गावाकडं बागायत, इथं दुकानं, बोलणं वरच्या पट्टीत. त्यांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, हॉटेलातलं खरं करा की बाई. पुढच्या वर्षी स्वतः छावणीतल्या वाइनच्या दुकानात जाऊन बाटल्या घेऊन आले. पेपरात गुंडाळून, लिफ्ट सोडून जिन्यानं. मी माझ्या दारातून पाहिलं, म्हणून सांगते.

तेव्हापासून दोन पातेली झाली. लाल फडक्याखाली वाइनचं, पांढऱ्याखाली साधं. पण वाइन हा शब्द कुणी तोंडातून काढेल तर शपथ. दोन्हीला सरबतच म्हणायचं. "मला त्यातलं सरबत द्या" म्हणायचं आणि 'त्यातलं' म्हणताना भुवई उडवायची. बाई दरवर्षी सांगायच्या, नाव घेऊन मागा, कधीतरी चुकी व्हईल. कोण ऐकतंय? प्यायची हौस दांडगी, पण नाव घ्यायची लाज.

आणि चुकी झाली. दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांच्या मुलाचं लग्न ठरत होतं, होणारे व्याही गच्चीवर आले होते. गळ्यात तुळशीची माळ, साधा, मोजकं बोलणारा माणूस. बाई पांढऱ्या पातेल्यातलं भरायला निघाल्या होत्या, तेवढ्यात अध्यक्षीणबाई लाल फडक्याखालचा ग्लास भरून घेऊन आल्या. नेहमीच्या सवयीनं म्हणाल्या, घ्या ना, घरचं सरबत आहे. त्या माणसानं अर्धा ग्लास घेतला आणि थांबला. यात काय आहे, एवढंच विचारलं त्यानं.

अध्यक्षांनी क्षणाचाही विचार केला नाही. बाईंकडं बोट करून म्हणाले, "आम्हाला काय माहीत? ह्यांनी सरबत म्हणून दिलं. ह्यांच्यात चालतं."

ह्यांच्यात! मद्याचा थेंबही न घेणारी ती बाई, आणि तिच्या जातीवर बोट. ज्यांनी वर्षानुवर्षं ढोसलं ते सोवळे. बाई एवढंच म्हणाल्या, "मी घेत नाय साहेब. तुम्हाला ठावं हाय." अध्यक्षांनी तोंड फिरवलं.

मी उठले. बाटल्या कुणी आणल्या ते सांगा, असं मोठ्यानं विचारलं. कुणी भज्यांच्या ताटाकडं वळलं, कुणी आपला ग्लास खुर्चीमागं सरकवला. पाहुण्यांसमोर तमाशा नको ताई, असं उलट मलाच ऐकवलं. लग्न थाटात झालं. बाईंना पत्रिका नव्हती.

बाईंना याचंही एवढं लागलं नसतं. पण बातमी नागपूरला लेकीपर्यंत पोहोचली. लेक तिथल्या विहाराच्या कामात पुढं. तिनं फोनवर विचारलं, आई, तू माळकऱ्याला फसवून पाजलंस? बाईंनी खरं काय ते सांगितलं. मग सगळे वेगळं का सांगतात, असं ती म्हणाली, आणि तिचे फोन कमी झाले. मी तिला समजवायला गेले, तर तुम्ही आईच्या मैत्रीण, तुम्ही असंच म्हणणार, असं बोलून मोकळी झाली.

बाई मला एकदाच म्हणाल्या, "एकानं तरी तिला खरं सांगावं, ताई. बाकी काय नको."

मी अध्यक्षांच्या दारात गेले. एक फोन करा म्हटलं, बास. ते म्हणाले, अहो, तो विषय संपला की. खरंच, त्यांचा संपला होता. लेकीचा फोन आला असेल म्हणून बाई मात्र भाजी फोडणीला टाकून बाहेरच्या खोलीत पळायच्या.

या पावसाळ्यात बाई गेल्या. बसल्या जागी, हृदय बंद पडून. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम खाली पार्किंगमध्ये झाला. टेबलावर बाईंचा फोटो, शेजारी पांढऱ्या साडीत लेक. वंदना झाली आणि अध्यक्षांनी माइक घेतला. बाई म्हणजे आमच्या घरातल्याच, असं म्हणाले. मग हसत हसत, मोठी गंमत सांगावी तसं म्हणाले, "बाईंच्या हातचं ते सरबत! वाइन मीच आणायचो छावणीतून, चोरून. असे दिवस आता नाहीत."

लोकही हसले. हळूच, आपुलकीनं हसले. जिवंतपणी जे एक वाक्य दिलं नाही, ते मेल्यावर किस्सा म्हणून वाटत होता हा माणूस.

लेक उठली. विचारलं, "हे तुम्ही आई असताना का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही, बेटा," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडं पाहिलं. तिनं टेबलावरचा फोटो उचलला, छातीशी धरला आणि जिना चढायला लागली. अध्यक्ष माइकवरून लोकांना चहा घेऊन जायला सांगत होते.